पीयू पॉलिश हाताला रवाळ का लागतं?

पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश केलेल्या लाकडावरून तळहात फिरवला आणि ते रवाळ लागलं, की खापर पहिल्यांदा डब्यावर फुटतं. माल हलका निघाला, थिनर भेसळीचं होतं, वगैरे. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा गडबड डबा उघडण्याच्या आधीच झालेली असते, नाहीतर पॉलिशच्या दोन हातांच्या, म्हणजे थरांच्या, मधल्या वेळात. पीयू चुका पोटात घालत नाही, पारदर्शक पापुद्र्याखाली जशाच्या तशा जपून ठेवतं. असं का, हे एकदा कळलं की घासायचा सँडपेपर किती नंबरचा मारायचा, हात किती जाड द्यायचा, पावसाळ्यात थांबायचं की नाही, या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी जुनं चपडा पॉलिश बघू. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पत्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापूस घातलेल्या चिंधीच्या गोळ्याने घोळवत घोळवत लाकडावर चढवायचे. स्पिरिट उडून जातं, लाख मागे राहते. लाखेत रासायनिक बदल जवळजवळ काहीच होत नाही, त्यामुळे वरून पुन्हा स्पिरिट लागलं की ती पुन्हा विरघळते. म्हणून नवा हात जुन्या हातात मिसळून जातो, कितीही हात दिले तरी शेवटी थर एकच. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरची गोष्टही अशीच, फक्त तिथे स्पिरिटच्या जागी थिनर.

पीयू नुसतं वाळत नाही, त्यात जोडणी होते. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रसायन शोधलं. (आडनाव बायर असलं तरी त्या प्रसिद्ध औषध कंपनीच्या घराण्याशी त्यांचं नातं नव्हतं.) आयसोसायनेट नावाचा एक अतिशय चळवळ्या गट आणि पॉलिऑल नावाचा दुसरा, दोन्ही एकमेकांना भेटले की रेणू एकमेकांत अडकत जातात आणि सगळीकडून बांधलेली जाळी तयार होते. बाजारात जे टू पॅक पीयू मिळतं त्यात ही जोडणी तुमच्या समोर होते, बेसच्या डब्यात पॉलिऑल आणि छोट्या डब्यात हार्डनर, म्हणजे आयसोसायनेट. ब्रशने मारायच्या सिंगल पॅक पीयूत युरेथेनची जोडणी कारखान्यातच झालेली असते. त्याला तेलाची शेपटं जोडलेली असतात आणि ती हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंततात. रस्ते दोन, शेवट एकच, जाळी एकदा पक्की झाली की ती थिनरमध्ये परत विरघळत नाही. चहाचा गरम कप, सांडलेलं पाणी, सॅनिटायझर, काही टाकलं तरी टेबल टिकतं ते याच कारणाने.

पण याची दुसरी बाजूही आहे. पक्क्या झालेल्या थरावर दिलेला पुढचा हात खालच्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. खाली धूळ असेल तर ती कायमची आत जाते. खाली ओघळ असेल तर वरचा हात त्या ओघळावर तसाच चढतो. गुळगुळीत पीयू म्हणजे गुळगुळीत लाकूड, त्यावर गुळगुळीत पहिला थर, त्यावर गुळगुळीत दुसरा. शेवटच्या हातात सगळं झाकून टाकू हा हिशेब इथे चालत नाही.

उदाहरणाला घरातल्या सागवानी झोपाळ्याची फळी घेऊ, सहा फूट बाय दोन फूट. घरच्या घरी करण्यासारखं काम आहे आणि पीयूच्या बहुतेक खोड्या या एका फळीवर भेटतात.

फळी जुनी असेल तर तिच्यावर आधी काय आहे ते बघायचं. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाका. मिनिटभराने चिकट झालं तर चपडा. स्पिरिटला दाद देत नाही पण थिनरच्या थेंबाने मऊ पडतं, तर एनसी. दोन्हींना बधत नाही, तर आधीचं पीयू, मेलामाइन किंवा तसलंच काही. चपडा असेल तर तो पूर्ण उतरवलेला बरा. साध्या चपड्यात लाखेचं मेण राहिलेलं असतं आणि मेणावर पीयू धरत नाही, काही महिन्यांनी टिकल्या निघाव्यात तसे तुकडे सुटायला लागतात.

मग तेल. झोपाळ्यावर दुपारी आडवं व्हायची पद्धत असते, त्यामुळे फळीच्या एका टोकाला वर्षानुवर्षांचं खोबरेल मुरलेलं असतं. शिवाय कड्या करकरू नयेत म्हणून कुणीतरी त्यांच्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारलेला असतो आणि त्याचे बारीक तुषार फळीवर उडालेले असतात. डोळ्यांना यातलं काहीही दिसत नाही. पीयू मारलं की दिसतं, पॉलिश तेवढ्याच जागेवरून मागे सरतं आणि गोल खड्डे पडतात. कारागीर याला फिश आय म्हणतात. कारण सरळ आहे. सिलिकॉनवर पॉलिश पसरायला राजी नसतं. उपाय पेपर मारण्याच्या आधीचा, थिनरने पुसायचं, आणि दर दोन-तीन पुसण्यांनंतर चिंधी बदलायची. एकाच चिंधीने पुसत राहिलात तर तेल काढत नाही, पसरवता. पेपर आधी मारला तर तेच तेल घासून लाकडात आणखी आत जातं.

नवं सागवान असलं तरी थिनरचा हात लागतोच. सागवानात स्वतःचं तेलकट द्रव्य असतं. वाळवी त्याला लागत नाही याचं श्रेय बरंचसं त्यालाच, पण सिंगल पॅक पीयूचं वाळणंही तेच लांबवतं. शिसवावर हा त्रास आणखी जास्त. पहिल्या हाताच्या थोडं आधी थिनरने पुसून वरवरचं तेल काढलं की काम भागतं. आणि लाकूड ओलं नको. घरात वापरायच्या फळीत ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. मीटर नसेल तर नवी फळी वापरायच्या खोलीतच महिनाभर पडू द्या.

आता पेपर. सगळ्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हा, आणि माझ्या मते गुळगुळीतपणाचा बारा आणे वाटा इथेच ठरतो. १२०, मग १५०, मग १८०, मग २२०, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढायला असतो. १२० वरून थेट २२० वर उडी मारली तर खोल ओरखड्यांचे फक्त माथे घासले जातात, तळ तसाच राहतो. कोरड्या लाकडावर तो दिसत नाही. पॉलिश लागलं की लाकूड गडद होतं आणि ओरखडा उठून दिसतो. हे आधी पकडायची युक्ती म्हणजे खोलीतला दिवा बंद करायचा आणि मोबाइलचा टॉर्च फळीवर जवळजवळ आडवा धरायचा. वरून पडणाऱ्या उजेडात जी फळी तयार वाटते, ती आडव्या उजेडात बहुतेकदा तयार नसते. मशीनने घासलं असेल तर आडव्या उजेडात बारीक गोल गोल खुणा दिसतील. म्हणून शेवटचा २२० हातानेच, रेषेत.

२२० च्या पुढे जाऊन ४०० मारायचा मोह आवरा. लाकूड इतकं घोटलं जातं की पहिला हात नीट मुरत नाही, आणि वर पापुद्रा येणारच असल्यामुळे त्या जास्तीच्या मेहनतीचं काही दिसतही नाही. अपवाद फळीच्या दोन्ही टोकांचा. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि पॉलिश अधाशासारखं प्यायलं जातं. टोकांना ३२० पर्यंत जा. कडीसाठी पाडलेली भोकं आतून पॉलिश करायला सगळे विसरतात, आणि ओलावा तिथूनच शिरतो.

पेपर संपल्यावर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने फळी एकदा पुसायची. वाळल्यावर हात फिरवला तर ती खरखरीत लागेल. दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहिलेले असतात. त्यांना २२० चा हलका हात पुरतो. पाण्यातलं, म्हणजे थिनरऐवजी पाण्याने पातळ होणारं, पीयू वापरणार असाल तर ही पायरी टाळूच नका, नाहीतर हेच तंतू पहिल्या हाताखाली उभे राहतील.

सागवानाची रंध्रं मोठी आणि उघडी. ती दिसलेली मला आवडतात, लाकूड लाकडासारखं दिसतं. पण काचेसारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर ती भरावी लागतात. जुनी पद्धत चॉक पावडर, पिवडी आणि गेरू कालवून केलेल्या लांबीची होती. आता तयार वूड फिलर आणि रंध्रं बंद करणारे सीलर मिळतात. सीलर त्याच कंपनीच्या पीयूच्या जोडीचं घ्या. एनसीचं सँडिंग सीलर स्वस्त असतं आणि पावडरसारखं छान घासलंही जातं, पण ते घासायला सोपं व्हावं म्हणून त्यात जे स्टिअरेट (साबणासारखं द्रव्य) घालतात, त्याच्यामुळे वरच्या पीयूची पकड ढिली होते.

मग डबा. सिंगल पॅकचा डबा हलवायचा नाही, सपाट काठीने सावकाश ढवळायचा. हलवल्याने आत शिरलेली हवा बुडबुडे होऊन फळीवर येते. मॅट किंवा सॅटिन असेल तर काठी तळापर्यंत न्या. चकाकी कमी करणारी सिलिकाची बारीक भुकटी तळाशी बसलेली असते. न ढवळता वापरलं तर पहिली फळी चकचकीत आणि शेवटची पांढुरकी. लागेल तेवढं पॉलिश जुन्या मोज्यातून किंवा पेंटच्या जाळीतून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. मूळ डब्यात ब्रश बुडवायचा नाही, त्याच्याबरोबर फळीवरची धूळ डब्यात जाते.

किती लागेल? एक लिटर दहा चौरस मीटरवर पसरलं की ओला थर १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. अर्धं उडून जाणारं असेल तर वाळलेला थर ५० मायक्रॉन. आपल्या फळीची एक बाजू सव्वा चौरस मीटरच्याही आत आहे, म्हणजे एका हाताला साधारण ११० मिलिलिटर, एक लहान वाटी. बहुतेक लोक याच्या दुप्पट ओततात आणि दोन हातांचं काम एकात उरकायला बघतात. जाड थर वरून आधी आवळतो, दुधावर साय धरते तसा, आणि खालचं थिनर आत कोंडलं जातं. मग ते बाहेर पडायची वाट शोधतं, बुडबुडे येतात, वरचा पापुद्रा सुरकुततो, आणि आठवड्यानेही नख रुततं.

सिंगल पॅकचा पहिला हात दहा टक्के मिनरल टर्पेंटाइन घालून पातळ करा, तो लाकडात मुरायला असतो. ब्रश केसांचा, दाट, टोकाशी निमुळता. पाण्यातल्या पीयूला मात्र नायलॉनचा, कारण जनावराचे केस पाण्याने फुगतात. ब्रशचा एक तृतीयांश भाग बुडवायचा आणि भांड्याच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवायचा. काठावर ओढून निथळला तर तिथेच फेस होतो. फळीच्या अगदी कडेपासून सुरुवात करू नका. चार बोटं आत टेकवा, तिथून बाहेर कडेकडे ओढा, मग उरलेलं दुसऱ्या टोकाकडे. कडेवर ब्रश आत येताना टेकला की केस पिळले जातात आणि खाली ओघळ सुटतो. एक पट्टा झाला की ब्रश जवळजवळ उभा धरून, फक्त केसांची टोकं टेकतील इतक्या हलक्या हाताने, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच न थांबता फिरवायचा. बुडबुडे फुटतात, रेघा सपाट होतात. पुढचा पट्टा शेजारचा ओला असतानाच. आणि मग हात मागे घ्या. पाच मिनिटांनी राहून गेलेली जागा दिसली तर दिसू द्या. अर्धवट आवळलेल्या थराला ब्रश लावला की जी खूण होते, ती राहून गेलेल्या जागेपेक्षा वाईट दिसते.

झोपाळ्याचे कातीव दांडे असतील तर तिथे ब्रश ठेवून द्या. सिंगल पॅक पॉलिश आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून सुती फडक्याने पुसत लावा. थर इतका पातळ बसतो की ओघळायला काही उरतच नाही आणि धूळ बसायच्या आत तो आवळतो. हात मात्र दुप्पट लागतात.

फळीची खालची बाजूही पॉलिश करायची, तितक्याच हातांनी. वरची बाजू बंद आणि खालची उघडी राहिली तर ओलावा फक्त खालून आत-बाहेर करतो, आणि फळी वाकते.

आता हवा. आपल्याकडे पॉलिशची घाई दोन वेळा होते, गणपतीआधी आणि दिवाळीआधी. गणपतीआधीची वेळ सगळ्यात वाईट. श्रावण-भाद्रपदात कोकणात आणि मुंबईत हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. टू पॅकच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला पॉलिऑलइतकंच पाणीही चालतं. पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो आवळत चाललेल्या थरात अडकून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतो. वर दुधाळ झाक येते ती वेगळीच. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर बसते. स्लो, म्हणजे सावकाश उडणारं, थिनर घालून थोडंफार निभावतं, पण यजमानांनी देवासमोरच्या फर्निचरसाठी घाई केली तरी चांगला पॉलिशवाला मुसळधार दिवशी स्प्रे गन हातात घेत नाही, आणि त्याचं ऐकावं. उलट मे महिन्यात नागपूरला थर ब्रशखालीच आवळतो आणि रेघा राहतात. तिथे काम पहाटे करायचं. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने राज्यात बहुतेक ठिकाणी उत्तम.

धुळीचं काय? पेपर मारलेल्या खोलीतच पॉलिश करायचं असेल तर झाडून नव्हे, ओल्या फडक्याने फरशी पुसून, तासभर थांबून. पंखा बंद. खिडकी उघडी हवी, पण वारा थेट फळीवर नको. इतकं करूनही थोडी धूळ बसतेच, कारागिराच्या कामावरही. फरक इतकाच की तो ती दोन हातांच्या मध्ये काढून टाकतो.

रवाळपणाच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हात पूर्ण वाळला की ३२० किंवा ४०० चा पेपर, अगदी हलका. पांढरी भुकटी निघाली तर वाळलं आहे. पेपरला गोळ्या चिकटायला लागल्या तर नाही, उद्या बघा. या घासण्याने दोन कामं होतात. बसलेल्या धुळीचे दाणे कापले जातात, आणि खालच्या थरावर बारीक ओरखडे पडून वरच्याला धरायला जागा मिळते. विरघळून मिसळणं नाही म्हटल्यावर ही पकडच काय ती. टू पॅकच्या डब्यावर पुढचा हात किती तासांच्या आत द्यायचा ते लिहिलेलं असतं. त्या मुदतीत खालच्या जाळीचे काही धागे अजून मोकळे असतात आणि वरचा थर त्यांच्याशीच जोडला जातो. मुदत टळली की घासल्याशिवाय गत्यंतर नाही. कडांवर पेपर दाबू नका, तिथे थर आधीच पातळ असतो आणि लाकूड उघडं पडतं.

असे तीन हात पुरेत. शेवटच्या हातावर चार-दोन दाणे दिसले तर ताबडतोब भिडू नका. जाळी पूर्ण पक्की होऊ द्या, मग साबणाच्या पाण्यात १५०० आणि २००० चा वॉटर पेपर आणि वर रबिंग कंपाउंड. मॅटवर हे करू नका, घासलेली जागा चमकेल. आणि जोर आवरा. वरचा थर घासून आरपार गेलात तर खालच्या थराची कड वेड्यावाकड्या रेषेने दिसायला लागते, आणि ती पुन्हा एक हात दिल्याशिवाय जात नाही. चपड्यावर असं होत नाही. तिथे थर वेगळे राहिलेलेच नसतात.

टू पॅक गनने मारायचं असेल तर ते घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत. आयसोसायनेटचे तुषार श्वासात गेले की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते मनावर घेतलं की पुढे थोडासा वासही सोसत नाही. तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारे पॉलिशवाले आपण रोज बघतो. रुमालाने धूळ अडते, वाफ नाही. तिथे निदान कार्ट्रिजचा मास्क हवा, आणि तो त्यांना घेऊन देणं काम देणाऱ्याला महाग पडत नाही. सिंगल पॅकचा धोका वेगळा. त्याच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या ऑक्सिजन घेताना तापतात, उष्णता आत साठते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. आणि शेजारच्या खोलीत समई किंवा गॅस पेटलेला नको.

झोपाळा कड्यांना कधी अडकवायचा? टू पॅक साधारण आठवड्यात पक्कं होतं, सिंगल पॅकला तीन ते चार आठवडे लागतात. हाताला कोरडं लागतं म्हणून दुसऱ्याच दिवशी गादी टाकली तर गादीच्या कापडाचं विणकाम पॉलिशवर उमटतं.

उरलेलं सिंगल पॅक अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवू नका, वरच्या हवेने ते जमतं. काठोकाठ भरेल अशा लहान बाटलीत ओता. हार्डनरचं झाकण काम होताच घट्ट लावा, आत शिरलेली दमट हवा तिथेही कार्बन डायऑक्साइड करते, आणि डबा फुगलेला दिसला तर तो वापरू नका. बेस आणि हार्डनर मिसळलेलं उरलं तर ते बंद करून ठेवायचंच नाही. उघड्या भांड्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी घट्ट होऊ द्या आणि दगड झाला की टाकून द्या.